चाकरी आणि घरचा छापखाना : गणपत कृष्णाजी व जावजी दादाजी

इ. स. १८७९ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं सरकारी शाळेंतील नोकरीचा राजीनामा दिला व पुढील वर्षाच्या आरंभीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें, ही गोष्ट महाराष्ट्रांतील कोणत्याही सुशिक्षितास नवी नाहीं. त्या राजीनाम्यावर चरित्रकारांनीं पानेंच्या पानें लिहिलीं आहेत, आणि तें योग्यही आहे. परंतु त्याच्याही जवळजवळ अर्धें शतक आधीं मुंबईंत एका कारागिरानें परक्याच्या छापखान्यांत शिकलेली विद्या घेऊन आपला स्वतंत्र धंदा मांडला, त्याची आठवण मात्र मुद्रणाच्या इतिहासांत एकदोन वाक्यांवर आटोपते. विद्वानाचें चाकरी सोडणें तेवढें इतिहास ठरावें आणि कारागिराचें चाकरी सोडणें केवळ पोटापाण्याची बाब गणली जावी, हा भेद प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाहीं. गणपत कृष्णाजी व जावजी दादाजी या दोघांच्या उद्योगाचा या दृष्टीनें थोडा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

दोघांचेंही गुरुकुल एकच, तें म्हणजे मुंबईंतील अमेरिकन मिशनचा छापखाना. अमेरिकन मिशनरी इ. स. १८१३ मध्यें मुंबईस आले, व १८१७ पासून त्यांच्या छापखान्यांतून मराठी पुस्तकें बाहेर पडूं लागलीं. त्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें उघड आहे. परंतु छापखाना चालवावयाचा म्हणजे हात पाहिजेत, आणि ते हात येथल्याच मुलांचे व तरुणांचे होते. खिळे घासणें, जुळविणें, शाई देणें, दाब ओढणें हीं कामें करणाऱ्यांस कोणी ती कला शिकविण्यासाठीं नेमलेलें नव्हतें. ते रोजच्या कामाबरोबर ती उचलीत गेले. मालकानें दिला तो पगार महिन्याअखेर खर्चून जाई. हातांत राहिली ती कला. पुढें याच छापखान्यांत तयार झालेल्या माणसांनीं हिंदु धर्माचे ग्रंथ घरोघरीं पोंचविले, ही इतिहासाची एक गमतीची गति म्हणावी लागेल.

गणपत कृष्णाजी हे भंडारी ज्ञातीचे. त्यांच्या उद्योगाविषयीं आपणांस जें कळतें तें मुख्यतः गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचें वर्णन’ या १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून. माडगांवकर हे त्यांचे समकालीन मुंबईकर असल्यामुळें त्यांची साक्ष मोलाची आहे. मिशनचा शिळाछाप पाहून आपणही असेंच कांहीं करावें ही इच्छा गणपत कृष्णाजींस झाली. त्यांनीं स्वतः लाकडाचें दाबयंत्र तयार केलें, दगडाचे लहान तुकडे मिळवून त्यांवर छापून पाहिलें, आणि शाईही आपणच बनविली, असें त्यांच्या सांगण्याचें तात्पर्य आहे. यंत्र, शिळा आणि शाई या तिन्ही गोष्टी एका माणसानें स्वतःच्या हिमतीवर सिद्ध केल्या, हें वाचून आजही आश्चर्य वाटतें.

येथें शिळाछापाची रीत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण असा धंदा घरगुती प्रमाणावर कां सुरू होऊं शकला, याचें उत्तर तींत आहे. बारीक कणाच्या चुनखडी दगडाचा पृष्ठभाग घासून सपाट करावयाचा. त्यावर स्निग्ध शाईनें लिहावयाचें, किंवा तयार कागदावर लिहून तें लिखाण दगडावर उतरवून घ्यावयाचें. मग डिंक व सौम्य तेजाब लावून दगड ओला करावयाचा. जेथें अक्षर आहे तेथें तेल धरतें व पाणी सरतें. जेथें अक्षर नाहीं तेथें पाणी धरतें व तेल सरतें. या स्थितींत शाईचा रूळ फिरविला कीं शाई अक्षरांनाच लागते, आणि वर कागद ठेवून दाबला कीं प्रत निघते. या सर्व क्रियेंत खिळ्यांचें काम नाहीं. देवनागरीचे खिळे करावयाचे तर स्वर, व्यंजनें, मात्रा व जोडाक्षरें मिळून शेंकडो निरनिराळे खिळे लागतात, व त्यांस भांडवल लागतें. शिळाछापास एक चांगला लेखक, एक शिळा, एक यंत्र व दोन माणसें पुरेत. शिवाय पोथीच्या हस्ताक्षरास सरावलेल्या वाचकास छापील पानही हातच्या लिखाणासारखेंच दिसे. अल्प भांडवलाच्या माणसास याहून सोयीचा आरंभ त्या काळीं मिळणें कठीण होतें.

पण साधन मिळालें म्हणून धंदा चालत नाहीं. काय छापावें हा प्रश्न उरतोच. गणपत कृष्णाजींनीं इ. स. १८३१ मध्यें, म्हणजे शके १७५३ चें, मराठी पंचांग छापलें. या निवडीकडे जितकें लक्ष द्यावें तितकें दिलें गेलेलें नाहीं, असें मला वाटतें. तोंपर्यंत जोशी लोक पंचांगें हातानें लिहीत व नकलून घेत. पंचांग ही वस्तु अशी, कीं तिच्यावांचून घरचें कार्य अडतें, आणि वर्ष संपतांच ती निरुपयोगी होते. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलें, खपाची वेळ ठरलेली, आणि पुढील वर्षीं तेंच गिऱ्हाईक पुनः दारीं येणार. काव्याचें पुस्तक छापलें तर तें खपावयास दहा वर्षें लागतील; तोंवर चूल कशी पेटावी ? ज्यास महिन्याचा ठराविक पगार नाहीं, त्यास वर्षाचा तरी ठराविक पैसा हवा, आणि तो पंचांगानें दिला, असा माझा तर्क आहे. या तर्कास बळकटी अशी, कीं पुढें जावजी दादाजींनींही पंचांगाचाच आधार घेतला.

दुसरी अडचण सोंवळ्याची होती. छापील कागद हातीं घेण्यास त्या वेळचे जुने लोक कचरत, कारण शाईंत चरबी असते असा त्यांचा समज होता, आणि तो अगदींच निराधार नव्हता. चरबीच्या ऐवजीं गणपत कृष्णाजींनीं शाईंत तूप वापरलें, असें सांगतात. ज्यानें शाई विकत घेतली असती, त्यास ‘यांत काय आहे’ या प्रश्नास उत्तर देतां आलें नसतें. ज्यानें ती स्वतः बनविली, त्यास तें छातीवर हात ठेवून देतां आलें. स्वतःच्या हातानें करण्याची जी मूळची लाचारी, तीच येथें धंद्याची पत झाली. पुढें त्यांनीं खिळ्यांचाही छापखाना काढला, आणि त्यांच्या येथें छापलेल्या पोथ्या व पुस्तकें यांस महाराष्ट्रांत मान मिळाला.

जावजी दादाजी यांचा मार्ग थोडा निराळा आहे. त्यांचा जन्म १८३९ सालचा. घरची गरिबी असल्यामुळें ते लहानपणींच अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामास लागले. पुढें टाइम्स, इंदुप्रकाश व ओरिएंटल या छापखान्यांतून त्यांनीं चाकरी केली. इ. स. १८६४ मध्यें त्यांनीं लहान प्रमाणावर खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना घातला, व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. येथें कालगणना पाहण्यासारखी आहे. बालपणींच्या पहिल्या चाकरीपासून स्वतःच्या कारखान्यापर्यंत सुमारें पंधरा वर्षें गेलीं, आणि कारखान्यापासून छापखान्यापर्यंत आणखी पांच. हा उतावळेपणानें फेंकलेला राजीनामा नव्हे.

या सावकाशीचें कारण त्या कलेंतच आहे. खिळा करावयाचा म्हणजे प्रथम पोलादाच्या टोंकावर उलटें अक्षर कोरावयाचें. तो ठसा तांब्यावर मारून साचा करावयाचा. आणि त्या साच्यांत शिशाचा मिश्ररस ओतून खिळे काढावयाचे. ठशांत केसाएवढी चूक राहिली तरी ती पुढच्या हजारों खिळ्यांत उतरते. या कामीं जावजींना राणोजी रावजी आरू या कुशल कारागीर मित्राचें साह्य झालें. जावजींनीं प्रथम खिळे विकले आणि मग पुस्तकें छापलीं, यांत मोठें व्यवहारज्ञान दिसतें. ज्या छापखान्यांत आपण नोकर होतों तसल्या छापखान्यांनाच आपण माल पुरवावा, म्हणजे जुना मालक शत्रु न होतां गिऱ्हाईक होतो.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, कीं हीं दोन यशस्वी माणसांचीं उदाहरणें झालीं; ज्यांचे छापखाने वर्षा-दोन वर्षांत बुडाले त्यांचें काय ? आक्षेप रास्त आहे. बुडालेल्यांची नोंद राहत नाहीं, आणि म्हणूनच या दोघांच्या चरित्रावरून ‘चाकरी सोडा, भाग्य उघडेल’ असा उपदेश काढणें इतिहासास सोडून होईल. त्यांच्या वागण्यावरून निघतें तें इतकेंच, कीं त्यांनीं चाकरीचा तिरस्कार केला नाहीं. चाकरीस त्यांनीं शाळा केली. गणपत कृष्णाजींनीं आपली उडी लहान ठेविली. जावजींनीं ती घेण्यास वेळ घेतला. दोघांनींही पहिला घांस पंचांगासारख्या निश्चित खपाच्या वस्तूचा घेतला, आणि मोठीं कामें मागाहून हातीं धरलीं.

तीं मोठीं कामें कोणतीं, हें संस्कृताच्या अभ्यासकास सांगावयास नको. इ. स. १८८६ पासून निर्णयसागराची ‘काव्यमाला’ निघूं लागली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांनीं ती संपादिली. जीं काव्यें व नाटकें हस्तलिखितांत पडून होतीं, तीं तिच्या योगें सामान्य विद्यार्थ्याच्या हातीं आलीं. जावजी १८९२ सालीं वारले. पण त्यांनीं घडविलेल्या अक्षराचें वळण पुढेंही दीर्घकाळ देवनागरी मुद्रणाचा आदर्श मानलें गेलें.

प्रस्तुत लेखकानें आपली सारी उमेद शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविली व आतां तो निवृत्तिवेतनावर आहे. चाकरी सोडण्याचें धाडस त्यानें केलें नाहीं, आणि त्याचा त्यास पश्चात्तापही नाहीं. परंतु वडिलांपासून आलेलीं निर्णयसागराचीं जीर्ण पुस्तकें त्यानें इतकीं वर्षें हाताळलीं, तीं कवीचें नांव पाहून, टीकाकाराचें पाहून, फार तर संपादकाचें पाहून. मुखपृष्ठाच्या तळाशीं छापखान्याचें व त्याच्या मालकाचें नांव असतें, तिकडे नजर गेली नाहीं. १८६७ च्या कायद्यानें पुस्तकावर मुद्रकाचें नांव व ठिकाण छापणें सक्तीचें केलें. सरकारचा हेतु दोषी मनुष्य सांपडावा हा होता. पण त्या ओळीमुळें खिळे घासण्यापासून आरंभ केलेल्या एका मुलाचें नांव महाकवींच्या खालीं त्याच पानावर राहिलें. यापुढें मुखपृष्ठ वाचतांना आपण तें शेवटच्या ओळीपर्यंत वाचावें, इतकीच विनंति.