तळहाताएवढ्या ध्वनिवर्धकाची कुळकथा

परवा माझ्या नातीने एक लहानशी पिशवी आणून माझ्या मेजावर उपडी केली. तीतून निघाली काड्यापेटीहून थोडी मोठी हिरवी पाटी, आठ पायांचा एक काळा किडा, पाच-सहा कंडेन्सर, एक-दोन रेझिस्टन्स आणि बशीएवढा स्पीकर. 'आबा, याचा ॲम्प्लिफायर होतो,' ती म्हणाली. माझा चष्मा आणि तिचे डोळे यांच्या साहाय्याने तासाभरात तो झालाही. नऊ व्होल्टची बॅटरी जोडली, फोनची तार खुपसली, आणि मल्लिकार्जुन मन्सूर त्या पाटीवरून गाऊ लागले. मात्र आवाज थोडा चढवला की तान फाटे, आणि गाणे क्षणभर थांबले की मागे खरखर ऐकू येई. 'हे असं का होतं?' तिने विचारले. मला उत्तर ठाऊक होते, पण ते एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. त्या उत्तरामागे शंभराहून अधिक वर्षांची कुळकथा आहे, आणि तिच्यातल्या एका प्रकरणात मी स्वतः पोळलो आहे.

माझा पहिला ध्वनिवर्धक १९७४ च्या पावसाळ्यात झाला. पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून मी महिनाभर एकेक जिन्नस जमवीत होतो. तयार पाटी विकत घ्यावी एवढे पैसे नव्हते आणि तशी पद्धतही नव्हती. तांब्याचा पत्रा चिकटवलेला एक तुकडा आणायचा, ज्या वाटेने वीज जायची ती वाट त्यावर काडीने इनॅमल रंगाची रेघ ओढून झाकायची, आणि तो तुकडा फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात बुडवून बशी हलवीत बसायचे. उघडे तांबे विरघळते, रंगाखालचे राहते. मग रॉकेलने रंग पुसला की तांबूस वाटा चमकू लागतात. ते पाहण्यात जो आनंद होता तो पुढे गाणे ऐकण्यातही मिळाला नाही, असे आता वाटते. फरशीवर सांडलेल्या त्या पाण्याचा पिवळा डाग मात्र घर सोडीपर्यंत गेला नाही, आणि आईचे त्याविषयीचे बोलणेही थांबले नाही.

सारे जोडून कळ दाबली, तर गाण्याऐवजी कानठळ्या बसवणारी शीळ आली. पुन्हा दाबली, पुन्हा शीळ. चार दिवस मी तारा उचकटल्या, पुन्हा जोडल्या, आणि शेवटी पाटी माळ्यावर टाकली. तीन आठवड्यांनी वरच्या वर्गातला एक मित्र घरी आला. त्याने ती खाली काढली, स्पीकरकडे जाणारी तार आत येणाऱ्या तारेला खेटून पडली होती ती उचलून दुसऱ्या अंगाने फिरवली, आणि शीळ गेली. बाहेर पडणारा आवाज चोरवाटेने पुन्हा आत शिरत होता, तिथे मोठा होऊन बाहेर येत होता आणि पुन्हा आत शिरत होता. तेव्हा मला ती नुसती माझी चूक वाटली. पुढे कळले की याच चोरवाटेला शहाणपणाने वळण देण्याचा इतिहास म्हणजे चांगल्या ध्वनिवर्धकाचा इतिहास.

आवाज मोठा करणे ही मूळची करमणुकीची गरज नव्हती, टेलिफोनची होती. तारेतून लांब गेलेले बोलणे वाटेत क्षीण होते, त्याला मधे कुठेतरी बळ द्यायला हवे. फ्लेमिंगने १९०४ साली इंग्लंडात दोन भागांचा व्हॉल्व्ह केला होता. अमेरिकेत ली द फॉरेस्टने १९०६ साली त्यात तारेची एक जाळी घातली. शेताच्या पाटाचे दार बोटभर सरकवले तर मागचे सारे पाणी कमीजास्त होते, तसे या जाळीवरच्या दुबळ्या लहरीने व्हॉल्व्हमधला मोठा प्रवाह हलू लागतो. द फॉरेस्टला आपल्या नळीत नेमके काय घडते ते नीट उमगले नव्हते, पण त्याने केली हे खरे. १९१३ साली शेअरविक्रीत फसवणूक केल्याच्या आरोपावरून तो न्यायालयात उभा राहिला, आणि ही नळी कवडीमोलाची आहे असा सरकारी वकिलांचा दावा होता. त्याच वर्षी अमेरिकन टेलिफोन कंपनीने तिचे टेलिफोनपुरते हक्क ५०,००० डॉलरला विकत घेतले! द फॉरेस्ट निर्दोष सुटला. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही टेलिफोनची तार समारंभाने खुली झाली, ती या नळ्यांच्या जोरावर.

पण खोड पुढेच होती. व्हॉल्व्ह आवाज मोठा करतो तसा थोडा वाकडाही करतो. एक ध्वनिवर्धक असेल तर कानाला ते कळतही नाही. पण लांबच्या वाटेवर एकामागून एक शेकडो ठेवायचे, आणि एकाच तारेवरून अनेकांची बोलणी न्यायची, तर प्रत्येकाचे वाकडेपण पुढच्याच्या पदरात पडत जाते. शेवटी बोलण्याची खिचडी होते. हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा तरुण इंजिनियर या प्रश्नाशी सहा वर्षे झुंजत होता. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून तो कामावर निघाला होता. वय २९. बोटीच्या डेकवर त्याला एकदम सुचले, आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर त्याने आकृती आणि समीकरणे खरडली.

सुचले ते असे. गवई गाताना तंबोऱ्याकडे कान ठेवतो. लावलेला स्वर आणि तंबोऱ्याचा स्वर यांत तफावत पडली की तेवढीच सावरून घेतो. ब्लॅकने ध्वनिवर्धकाला असा कान दिला. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश मागे आणायचा, उलटा करायचा आणि आत येणाऱ्या मूळ आवाजाशी ताडून पाहायचा. जो फरक निघेल तो ध्वनिवर्धकाने केलेला गुन्हा. तेवढाच तो उलट्या अंगाने निस्तरतो. याची किंमत मात्र जबर. आवाज एक लाखपट करू शकणाऱ्या यंत्राचा तुम्ही हजारपटच उपयोग करता, बाकीचे बळ सुधारणेत खर्ची पडते. त्या काळी इंजिनियर लोक थोडेसे जादा बळ मिळावे म्हणून जिवाचे रान करीत. दहा रुपये मिळवून नऊ रुपये सावकाराला परत देणाऱ्या माणसाकडे आपण ज्या नजरेने पाहू, त्या नजरेने त्यांनी ब्लॅककडे पाहिले. इंग्लंडच्या पेटंट कचेरीने त्याचा अर्ज कधीच न थांबणारे यंत्र काढल्याचा दावा करणाऱ्यांच्या पंक्तीला बसवला. अमेरिकेतही पेटंट हाती यायला १९३७ साल उजाडले. मधल्या काळात हॅरी नायक्विस्ट या त्याच्या सहकाऱ्याने १९३२ साली गणिताने दाखवून दिले की मागे आणलेला आवाज कधी सुधारतो आणि कधी शीळ घालतो. उलटा होऊन यायचा तो वाटेत रेंगाळून सुलटा होऊन आला, आणि बळही पुरेसे उरले, की शीळ ठरलेली. बुधवार पेठेतल्या सामानातून मी जे यंत्र केले होते ते नायक्विस्टच्या सिद्धान्ताचे निर्दोष प्रात्यक्षिक होते, एवढेच.

ही युक्ती टेलिफोन कंपनीच्या कारभारातून घरातल्या मेजावर आली ती डी. टी. एन. विल्यमसन या स्कॉटिश तरुणामुळे. युद्धकाळात तो एका व्हॉल्व्ह-कंपनीत कामाला असताना त्याने केटी-६६ जातीच्या दोन व्हॉल्व्हवर चालणारा पंधरा वॅटचा ध्वनिवर्धक रचला. त्याचा वाकडेपणा हजारात एक भागाहूनही कमी होता. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात त्याने तो छापून टाकला, तेव्हा त्याचे वय चोवीस होते. आणि छापला म्हणजे कसा? नुसती आकृती नव्हे. प्रत्येक रेझिस्टन्सची किंमत, आणि शेवटच्या ट्रान्सफॉर्मरवर तार कशी, किती वेढ्यांनी, किती थरांत विभागून गुंडाळायची याचा तपशीलसुद्धा. हा ट्रान्सफॉर्मरच खरा कळीचा मुद्दा होता, कारण मागे येणारा आवाज त्याच्यातून फिरून येई आणि तिथेच रेंगाळे. ट्रान्सफॉर्मर बिघडला की शीळ. विल्यमसनने गुपित राखायचे ठरवले असते तर याच एका ठिकाणी राखता आले असते.

ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत हजारो हौशी माणसांनी घरच्या मेजावर तो ध्वनिवर्धक बांधला. अमेरिकेत हीथ कंपनीने त्याच धर्तीचे सुटे भाग पेटीत भरून, सोबत पायरीपायरीने सूचना देणारे पुस्तक घालून विकले. माझे मत विचाराल तर घरी यंत्र बांधणाऱ्याच्या दृष्टीने १९४७ साल मोठे ते या लेखामुळे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला हे मी विसरलेलो नाही. पण ट्रान्झिस्टर आपल्या हाती यायला बराच अवधी लागला. विल्यमसनचा लेख ज्याला वाचता येत होता त्याच्या हाती त्याच महिन्यात आला.

ट्रान्झिस्टरने पुढे एक मोठे काम केले: त्याने तो छळणारा ट्रान्सफॉर्मरच हद्दपार केला. १९५६ साली एच. सी. लिन याने स्पीकर चालवायला ट्रान्सफॉर्मर न लागणारी रचना प्रसिद्ध केली. आपल्याकडे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६२ पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होऊ लागले. माझ्या पाटीवरची एसी-१२७ आणि एसी-१२८ ही जोडी त्याच जातीची. एक विजेला एकीकडे ओढतो, दुसरा दुसरीकडे, आणि दोघांच्या मधोमध स्पीकर.

राहिली ती खालची पाटी. तिची कथा मला सगळ्यांत चटका लावणारी वाटते. पाउल आयस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनियर. शिकला विजेचे, पोट भरले ते छापखान्यांच्या आसऱ्याने. १९३६ साली तो इंग्लंडात आला आणि भाड्याच्या खोलीत त्याने एक रेडिओ जुळवला. त्यात तारांचे जंजाळ नव्हते, पत्र्यावर छापावी तशी वाट आखलेली होती. तो दाखवायला नेला तेव्हा एका कारखानदाराने त्याला वाटेला लावले: तारा जोडायला मुली ठेवतो, त्या स्वस्त पडतात. १९४० साली शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ब्रिटिशांनी त्याला छावणीत डांबले. सुटल्यावर त्याला आश्रय दिला तो लंडनच्या हेंडरसन आणि स्पॉल्डिंग या छापखान्याने, आणि हा छापखाना गाण्यांची स्वरलिपी छापणारा होता! जिथे कागदावर सूर उमटत तिथे तांब्यावर सुरांच्या वाटा उमटू लागल्या. १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केले. पण करारावर सही करताना तो नीट वाचला नाही, आणि हक्क छापखान्याच्या हाती गेले. १९६३ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने ती पेटंटेही अग्राह्य ठरवली. तोवर जगातला जवळजवळ प्रत्येक रेडिओ अशा पाटीवर बसू लागला होता. आयस्लर १९९२ साली वारला. विल्यमसनने आपण होऊन दिले. आयस्लरचे घेतले गेले. माझ्या बशीतल्या तपकिरी पाण्याला यांतला फरक ठाऊक नव्हता, आणि मलाही नव्हता.

हे सारे मी नातीला एका संध्याकाळी सांगितले असे समजू नये. तीन-चार संध्याकाळी लागल्या, आणि मधे एकदा तिची परीक्षा आली. शेवटी आम्ही पुन्हा तिच्या पाटीकडे वळलो. तिच्यावरचा आठ पायांचा किडा म्हणजे एलएम-३८६ ही चिप. सगळे ट्रान्झिस्टर, आणि बाहेरचा आवाज मागे नेणारा ब्लॅकचा मार्गसुद्धा, तिच्या पोटात. पहिल्या आणि आठव्या पायाच्या मधे दहा मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बसवला की ती आवाज दोनशेपट करते; न बसवला तर वीसपटच, आणि उरलेले बळ मागे सुधारणेत जाते. ही गोष्ट चिपच्या कारखान्याने छापलेल्या माहितीपत्रकात उघड दिलेली आहे. पिशवीतल्या सूचनांत कंडेन्सर बसवा असे लिहिले होते, म्हणून आम्ही तो बसवला होता.

'काढून बघू?' ती म्हणाली. तिने इस्त्री तापवली, म्हणजे सोल्डरिंगची, आणि एक पाय उचलला. मन्सूर पुन्हा सुरू झाले. आवाज बराच उतरला होता. खरखर जवळजवळ नव्हती. तिने बटन हळूहळू फिरवले, तान वर चढत गेली, आणि आम्ही दोघे स्पीकरला कान लावून ती फाटते का याची वाट पाहत बसलो.