परदेशात नर्स व्हायचे आहे? ब्रिटनमधील नोंदणीची वाट, टप्प्याटप्प्याने

परदेशात नर्स म्हणून काम करायला तीन गोष्टी लागतात: परवाना, नोकरी आणि व्हिसा. परवाना तिथली नर्सिंग परिषद देते, नोकरी रुग्णालय देते आणि व्हिसा सरकार देते. एजंट यांपैकी काहीही देऊ शकत नाही. तरीही वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला असे पालक भेटतात, ज्यांनी दागिने मोडून किंवा बचत गटाचे कर्ज काढून एजंटला पैसे दिलेले असतात आणि मुलीने मात्र एकही परीक्षा दिलेली नसते. म्हणून ब्रिटनचे उदाहरण घेऊन ही प्रक्रिया क्रमाने मांडत आहोत.

वाट प्रवेशापासूनच ठरते

ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी करते. चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग किंवा तीन वर्षांचे जीएनएम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नर्स म्हणून नोंदणी झालेले मुलगे-मुली तिथे अर्ज करू शकतात. दोन वर्षांच्या एएनएमवर ही नोंदणी मिळत नाही. ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ अशा नावांच्या सहा महिने-वर्षभराच्या कोर्सवर तर आपल्या राज्यातही नर्स म्हणून नोंद होत नाही.

घरातून शिकणारी पहिलीच मुलगी असली की कमी फी आणि जवळचे कॉलेज पाहून प्रवेश घेतला जातो. हा फरक सांगायला कोणी नसते. कार्यकर्त्यांनी तो दहावी-बारावीच्या निकालानंतर लगेच सांगावा आणि कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का, हे तपासून द्यावे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती वेगळी आहे. ती परदेशातील उच्च शिक्षणासाठी आहे, परवान्याच्या परीक्षांसाठी नाही.

कागदपत्रे

पासपोर्ट, गुणपत्रिका, पदवी किंवा पदविका आणि परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र यांवर नाव एकच असावे. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे आणि लग्नानंतर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास दिसते. नाव बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. नोंदणीची पडताळणी परिषदेकडून थेट एनएमसीकडे जावी लागते. पोलिस क्लिअरन्स प्रमाणपत्रही लागते.

शिष्यवृत्तीची रक्कम आली नाही म्हणून कॉलेजने मूळ कागदपत्रे अडवल्याची तक्रार आमच्याकडे येते. अशा वेळी जिल्ह्याच्या समाज कल्याण सहाय्यक आयुक्तांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

तीन परीक्षा

पहिली इंग्रजीची. आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात किमान ७, लेखनात ६.५ गुण हवेत. ओईटी दिल्यास पहिल्या तिन्हींत ‘बी’ आणि लेखनात ‘सी प्लस’ श्रेणी चालते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींचा सर्वाधिक वेळ याच टप्प्यावर जातो. म्हणून इंग्रजीची तयारी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षापासून सुरू करावी, असा आमचा सल्ला आहे.

दुसरी सीबीटी, म्हणजे संगणकावरील परीक्षा. ती भारतातच देता येते. तिचे दोन भाग आहेत: औषधांच्या मात्रांसारख्या गणिताचे १५ प्रश्न आणि नर्सिंगचे १०० प्रश्न.

तिसरी ऑस्की. ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्येच होते. दहा स्टेशनांवर रुग्णाची तपासणी, काळजीचा आराखडा, औषधे देणे, नोंदी ठेवणे अशी कौशल्ये पाहिली जातात. त्यामुळे बहुतेक नर्स आधी नोकरी मिळवून तिकडे जातात. व्हिसाच्या नियमानुसार कामावर रुजू झाल्यापासून १२ आठवड्यांत ऑस्कीला बसावे लागते आणि आठ महिन्यांत नोंदणी मिळवावी लागते. तोपर्यंत नर्स म्हणून स्वतंत्र काम करता येत नाही आणि पगारही कमी असतो.

खर्च किती?

२०२५ मधील दरानुसार एनएमसीचे पात्रता-तपासणी शुल्क १४० पाउंड, सीबीटी ८३, ऑस्की ७९४ आणि नोंदणी १५३ पाउंड होते. इंग्रजी परीक्षेचे शुल्क वेगळे. दर बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी एनएमसीच्या संकेतस्थळावर पाहावेत. एनएचएसची अनेक रुग्णालये ऑस्की, व्हिसा आणि विमानभाड्याचा खर्च उचलतात. मात्र नोकरी लवकर सोडल्यास तो परत मागण्याचे कलम करारात असू शकते. रक्कम किती आणि मुदत किती, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

एजंटकडे जाण्याआधी

ब्रिटनच्या कायद्यानुसार नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. भारतात उत्प्रवास कायदा, १९८३ नुसार परदेशी भरती करणाऱ्या एजंटला नोंदणी आवश्यक आहे. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी इतकी आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर मिळते. पैसे ‘प्रोसेसिंग’ किंवा ‘ट्रेनिंग’च्या नावाने मागितले तरी पावती मागावी.

‘केअर वर्कर’ म्हणून जा, पुढे नर्स व्हाल, असेही सांगितले जाते. परंतु २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने परदेशातून नव्या केअर वर्कर भरतीसाठी व्हिसा देणे बंद केले आहे. नर्सच्या नोकऱ्यांसाठी व्हिसा सुरू आहे, पण २०२४ नंतर परदेशी नर्सची भरती बरीच घटली आहे. म्हणून महागड्या परीक्षांवर पैसे घालण्याआधी प्रत्यक्ष रिक्त जागा पाहाव्यात.

जर्मनीचा पर्यायही आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात आरोग्यसेवेचाही समावेश आहे. तिथे साधारणपणे बी-२ पातळीपर्यंतची जर्मन भाषा आणि तिथल्या राज्याकडून पदवीची मान्यता लागते.

कोणी पैसे मागितले तर आधी तीन प्रश्न विचारावेत: हे पैसे नेमके कशाचे, पावती कोणाच्या नावाची आणि रुग्णालयाचे नोकरीपत्र कुठे आहे? तिन्हींची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.