हेलिकॉप्टरच्या पात्यापासून गॅरेजमधल्या टेबलापर्यंत

१/ लोखंडी चौकट, काही स्टेपर मोटारी, एक जुना संगणक आणि कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा प्लाझ्मा कटर. एवढ्या सामग्रीवर आज एखादा हौशी माणूस घरच्या शेडमध्ये पोलादी पत्रा हव्या त्या आकारात कापणारे टेबल उभारतो. या टेबलाची वंशावळ मात्र शीतयुद्धकालीन अमेरिकी वायुदलापर्यंत जाऊन पोहोचते. #थ्रेड #इतिहास

२/ मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याचा वक्र अचूक कोरणे ही मोठी डोकेदुखी होती. त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी पंचकार्डांच्या यंत्राकडून वक्रावरील बिंदूंचे गणित करून घेतले. मग एकाने कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायचे आणि दोघांनी मिलिंग मशीनची दोन चाके त्यानुसार फिरवायची! आकड्यांनी हाकलेल्या यंत्राचे हे मानवी रूप.

३/ १९४९ मध्ये वायुदलाने पार्सन्स यांना कंत्राट दिले. त्यांनी मदतीला एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळा घेतली आणि हळूहळू प्रकल्पाची सूत्रे तिच्याच हाती गेली. १९५२ मध्ये तेथे भोके पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेणारे मिलिंग मशीन दाखवण्यात आले. पार्सन्स यांना पेटंट मिळाले ते १९५८ मध्ये.

४/ येथे थोडे थांबावे, कारण खरा वाद येथेच आहे. त्याच सुमारास दुसरा मार्गही उपलब्ध होता : कसबी कारागिराने एकदा काम करायचे, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा वठवायच्या. हा मार्ग मागे पडला. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात असे मांडले, की ही निवड निव्वळ तांत्रिक नव्हती. कामावरचे नियंत्रण कारागिराच्या हातून काढून कचेरीत नेणे व्यवस्थापनाला सोयीचे होते. वायुदलाला हवे असलेले गुंतागुंतीचे आकार हाताने कोरून नोंदवणे अवघड होते, हेही खरे. तरीही नोबल यांचा प्रश्न मला आजही टाळता येण्याजोगा वाटत नाही.

५/ प्लाझ्माची कथा वेगळी. युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातील रॉबर्ट गेज यांनी वेल्डिंगची आर्क अरुंद नॉझलमधून दाबून सोडली, तेव्हा ती कमालीची तप्त आणि वेगवान झाली. पेटंट १९५७ चे. ऑक्सिजनची ज्योत लोखंड जाळून कापते. ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलपुढे तिचे काही चालत नाही. प्लाझ्मा धातू सरळ वितळवून उडवतो.

६/ दोन्ही धारा सामान्य माणसापर्यंत आल्या त्या स्वस्त संगणकामुळे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने यंत्रनियंत्रणाचे सॉफ्टवेअर लिहिले. सरकारी काम असल्याने ते सर्वांना खुले होते. हौशी प्रोग्रॅमरांनी ते वाढवले. आज ते लिनक्ससीएनसी या नावाने चालते. ज्या तंत्रासाठी कधीकाळी वायुदलाची तिजोरी लागली, ते आता अडगळीतल्या संगणकावर धावू लागले.

७/ मात्र टेबल उभे करणे म्हणजे केवळ आज्ञावली चढवणे नव्हे. उष्णतेने पत्रा वाकतो आणि टॉर्च व पत्रा यांतील अंतर बदलते. ते मोजायचे कसे? आर्क लांबली की व्होल्टेज वाढते, आखूड झाली की घटते. त्यावरून नियंत्रक टॉर्च वर-खाली करतो. पण कोपऱ्यावर यंत्र मंदावते, काप रुंदावतो आणि व्होल्टेज चढते. नियंत्रकाला वाटते, टॉर्च फार वर गेला. तो त्याला खाली ढकलतो आणि टॉर्च पत्र्यावर आपटतो. म्हणून कोपऱ्यावर ही उंची गोठवून ठेवावी लागते.

८/ दुसरा शत्रू विद्युत-गोंगाट. काही कटर उच्च वारंवारतेच्या ठिणगीने आर्क पेटवतात. ती ठिणगी तारांत शिरली की मोटारींना खोट्या आज्ञा मिळतात आणि सुबक वर्तुळाचे भलतेच काही होते. उपाय : कवचयुक्त तारा, नीट अर्थिंग आणि आतला इलेक्ट्रोड हवेच्या दाबाने मागे सरकून आर्क पेटवणारा टॉर्च. घरगुती टेबलांवर हाच टॉर्च सोयीचा ठरतो.