आधी भूत, मग ताईत

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ज्या गद्याकडे कधी ढुंकूनही पाहिले नाही, त्यात संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या खोट्या इशाऱ्यांची गणना करावी लागेल. मजकूर दोन-तीन ओळींचा, संबोधन थेट वाचकाला, उद्गारचिन्हे सढळ आणि शेवटी एकच बटण. या गद्याने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोट्यवधी डॉलर मिळवले.

मी ते प्रथम वाचले २००७च्या सुमारास, देऊळगाव राजात. बालाजीच्या या गावी एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिकांच्या जोडीने आमच्या एका निवृत्त गुरुजींनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे टंकन चालू होते. कुणीतरी चित्रपटातले गाणे पाहण्यासाठी एक ‘कोडेक’ उतरवून घेतला आणि त्या दिवसापासून कोणताही पत्ता टाकला तरी ब्राउझर एकाच पानावर जाऊ लागला. तिथे ‘तपासणी’ चाले, सापडलेल्या विषाणूंचा आकडा डोळ्यांदेखत वाढे आणि उपाय म्हणून एक सुरक्षा-प्रणाली विकत घ्यायला सांगितले जाई. आकडा अर्थातच रचलेला. तपासणी म्हणजे नुसते हलते चित्र.

या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही. २००४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सॅनफर्ड वॉलेस या गृहस्थावर खटला भरला. त्याच्या कार्यक्रमामुळे संगणकाचा सीडीचा कप्पा आपोआप उघडे आणि पडद्यावर मजकूर येई, की कप्पा उघडा असेल तर तुम्हाला तातडीने आमच्या उपायाची गरज आहे. उपायाची किंमत सुमारे ३० डॉलर. पुरावाही त्यानेच निर्माण करायचा आणि निदानही त्यानेच! पुढे ‘विनफिक्सर’, ‘विनअँटिव्हायरस’, ‘ड्राइव्हक्लीनर’ अशी नावे आली. डिसेंबर २००८ मध्ये याच आयोगाने ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ या कंपनीला न्यायालयात खेचले, तेव्हा फसलेल्यांची संख्या दहा लाखांहून अधिक सांगितली गेली. तिची युक्ती मोठी चतुर होती. जाहिरात-संस्थांच्या कर्मचाऱ्यांना एखाद्या प्रतिष्ठित संस्थेची निरुपद्रवी जाहिरात दिसे, सामान्य वाचकाला मात्र त्याच जागेवरून खोट्या तपासणीकडे वळवले जाई. एकच संहिता, वाचकागणिक वेगळी. २०१० साली शिकागोत दाखल झालेल्या आरोपपत्रात बळी साठांहून अधिक देशांतले आणि रक्कम दहा कोटी डॉलरच्या वर असल्याचे म्हटले होते.

आपल्याकडचा देवऋषी याहून निराळे काय करतो? भूत त्यालाच दिसते आणि ताईतही त्याच्याच झोळीत असतो. महाराष्ट्राने २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला. पण पडद्यावरचा भगत दूर कुठेतरी बसलेला. शिवाय देवऋषी निदान आपल्या भाषेत बोलतो.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. खरी औषधे विकणारेही भयापासून अगदी अलिप्त नव्हते. ६ मार्च १९९२ रोजी ‘मायकेलँजेलो’ विषाणू लक्षावधी संगणक निकामी करणार असे भाकीत जगभर गाजले. प्रत्यक्षात बाधा झाली काही हजारांना. विषाणू मात्र खरा होता. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९५ साली ‘क्विक हील’ बाजारात आणले, ते दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत दिसणाऱ्या रोगावरचा उतारा म्हणून. रोग आधी, औषध नंतर: हा क्रम उलटला की धंद्याचे नाव बदलते.

दुकानदाराकडे क्रेडिट कार्ड नव्हते. त्यामुळे ताईत विकला गेला नाही, भीती तेवढी दुकानात मुक्कामाला राहिली. ‘फॉरमॅट मारून टाका’ असा सल्ला कुणीतरी दिला आणि त्याने तो मानला. लग्नपत्रिका पुन्हा करता आल्या. ओव्यांची फ्लॉपीवर प्रत होती, पण जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची. मूळ वह्या टंकन झालेल्या म्हणून गुरुजींनी केव्हाच रद्दीत दिल्या होत्या. त्या उन्हाळ्यात ते पुन्हा त्याच गावांतून फिरले. ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या होत्या, त्यांपैकी दोघी तोवर गेल्या होत्या.