इंजिन थंड राहिलेले बरे का?

थंडीतली सकाळ. जुनी डिझेल व्हॅन सात-आठ किलोमीटर धावली, तरी तापमानाचा काटा तळाशीच. डिझेल जास्त लागते, ही तक्रार वेगळीच. गॅरेजमध्ये मात्र ऐकायला मिळते, "इंजिन थंड राहतंय, चांगलंच आहे की!" आपल्या उष्ण हवेत हे पटतेही. म्हणूनच पाण्याची वाट अडवणारा थर्मोस्टॅट कित्येक मिस्त्री काढूनच टाकतात. हा समज तपासण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

तापमान आपोआप राखण्याची कल्पना मोटारीहून खूप जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याची भट्टी बनवली. उष्णता वाढली की तिच्यातील अल्कोहोल प्रसरण पावे, पारा वर ढकलला जाई आणि त्यावरचा दांडा झडप लावून आग मंद करी. 'थर्मोस्टॅट' हे नाव मात्र अँड्र्यू युर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० च्या सुमारास दिले.

सुरुवातीच्या मोटारींत चिंता होती ती फक्त इंजिन थंड कसे ठेवायचे याची. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये, अगदी पहिल्या काही गाड्या सोडल्या, तर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. हिवाळ्यात लोक रेडिएटरवर चक्क घोंगडी बांधत. म्हणजे थर्मोस्टॅटचे काम माणूसच करी!

पुढे भात्यासारख्या घड्या असलेली धातूची डबी आली. आतल्या द्रवाची वाफ झाली की डबी लांबे आणि झडप उघडे. पण पाण्याचा उत्कलनबिंदू वाढावा म्हणून रेडिएटर दाबाखाली बंद ठेवू लागल्यावर अडचण आली. तो दाब डबीवरही पडे आणि झडप उघडण्याचे तापमान बदले. यावर उपाय ठरले मेण! १९३४ मध्ये अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी मेणावर चालणारा थर्मोस्टॅट शोधला. मेण वितळताना त्याचे आकारमान साधारण १० ते १५ टक्के वाढते व ते दट्ट्या जोराने बाहेर ढकलते. बाहेरच्या दाबाने त्यात फारसा फरक पडत नाही. उष्णता लवकर पोचावी म्हणून मेणात तांब्याची पूड मिसळतात.

पण इतका खटाटोप कशासाठी? १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरच्या झिजेवर प्रयोग केले. सिलिंडरच्या भिंती थंड असताना झीज कमी न होता वाढते, असे त्यांना आढळले. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. थंड भिंतीवर तिचे पाणी होते, त्यात ज्वलनातील आम्ले मिसळतात आणि धातू गंजू लागतो. शिवाय थंड तेल घट्ट असते, त्यामुळे घर्षणात इंधन वाया जाते.

आता पुन्हा आपल्या व्हॅनकडे येऊ. दोष काट्याचा की इंजिनाचा, हे आधी ठरवावे. बहुतेक जुन्या इंजिनांत झडप वरच्या रबरी नळीच्या तोंडाशी असते. थंड इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, ही नळी चाचपावी. झडप ठीक असेल तर नळी काही मिनिटे थंड राहते, मग एकदम तापते. नळी पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली, तर झडप उघडी अडकली आहे किंवा काढून टाकलेली आहे. नळी चटका देण्याइतकी तापूनही काटा हलत नसेल, तर दोष काट्याचा किंवा त्याच्या तारांचा. (गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.)

काही इंजिनांत हीच झडप तापल्यावर रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करते. अशी झडप काढली, तर गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतो आणि घाटात इंजिन उलट जास्तच तापते! म्हणजे ज्या भीतीने झडप काढली, तीच खरी ठरते.

हे वर्गातही दाखवता येईल. गॅरेजमधून एक थर्मोस्टॅट मिळवा. तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, जवळ तापमापी धरा आणि पाणी तापवा. झडप हलू लागेल ते तापमान मुलांनी नोंदवावे आणि थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. बऱ्याचदा हा आकडा ८२ च्या आसपास असतो. मग मुलांनाच विचारा, इंजिन थंड राहिलेले बरे का?