३७७ ची गोष्ट दवाखान्यातून सुरू होते

या एपिसोडचा लिखित मजकूर खाली आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी.

६ सप्टेंबर २०१८ हा दिवस तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की दोन प्रौढ माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. आपल्या फोनवर दिवसभर इंद्रधनुष्य होतं. त्यानंतर बरोबर चार दिवसांनी, १० सप्टेंबरला, आणखी एक कायदा लागू झाला. एचआयव्ही असलेल्या माणसाला नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर यात भेदभावाची वागणूक द्यायची नाही, असं सांगणारा. ती बातमी फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही.

या दोन तारखा लागून आल्या हा योगायोग. पण या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत, हा योगायोग नाही. आज आपण तेच बघणार आहोत. भारतातल्या गे माणसांची लढाई कोर्टात पोचली ती एड्सच्या दारातून. त्या दाराने त्यांना आत घेतलं खरं, पण आत घेताना कपाळावर एक शिक्काही मारला.

आधी थोडं मागे जाऊ, अमेरिकेत. ५ जून १९८१ ला तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या साप्ताहिकात एक छोटी नोंद छापून आली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता आणि पाचही जण समलिंगी होते. महिनाभरात न्यूयॉर्क टाइम्सने ४१ समलिंगी पुरुषांमधल्या दुर्मीळ कॅन्सरची बातमी दिली. व्हायरस सापडायच्या आधीच रोगाला आडनाव मिळालं. काही डॉक्टर त्याला ‘ग्रिड’ म्हणू लागले, म्हणजे गे माणसांशी संबंधित प्रतिकारशक्तीचा आजार. १९८२ मध्ये ‘एड्स’ हे नाव आलं, कारण तोवर हा आजार हिमोफिलिया असलेल्यांना, सुईने ड्रग्ज घेणाऱ्यांनाही होतोय हे दिसलं होतं. पण लोकांच्या डोक्यात पहिलं नावच बसलं. एकदा बसलेलं नाव अपडेट करायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला माहितीच आहे.

भारतात काय झालं? इथे पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईची. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यातले काही पॉझिटिव्ह निघाले. त्यामुळे आपल्याकडे बोट आधी त्या बायकांकडे गेलं, मग परदेशी पाहुण्यांकडे. गे पुरुषांचं काय? तर सरकारच्या लेखी ते नव्हतेच. ‘आपल्या संस्कृतीत असलं काही नसतं’ हे वाक्य तुम्ही आजही ऐकता. तेव्हा तर तीच जवळपास अधिकृत भूमिका होती. एकीकडे १८६० पासूनचं कलम ३७७, ज्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा. दुसरीकडे सरकार म्हणतंय की अशी माणसंच नाहीत. म्हणजे गुन्हा आहे, गुन्हेगार मात्र अदृश्य.

त्या काळात भीती कुठल्या थराला गेली होती, ते बघायला गोव्यात जाऊ. डॉमनिक डिसोझा हा तिथला तरुण. तो जागतिक वन्यजीव निधीसाठी काम करायचा आणि नियमित रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. १४ फेब्रुवारी १९८९ ला पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं आणि थेट एका ओसाड पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात नेऊन ठेवलं. ६४ दिवस! का? तर गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही असलेल्याला वेगळं ठेवायची तरतूद होती. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई हायकोर्टात गेली. वकील होते आनंद ग्रोव्हर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. कोर्टाच्या अंतरिम आदेशाने डॉमनिक घरी आला, पण शेवटी हायकोर्टाने तो कायदा वैध ठरवला. त्याची नोकरी गेली. १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला.

डॉमनिकच्या खटल्यात तो कोणावर प्रेम करतो हा प्रश्न नव्हता. प्रश्न फक्त रक्ताचा होता. पण २००५ मध्ये त्याच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन ओनिरने ‘माय ब्रदर निखिल’ काढला, त्यातला नायक गे आहे. तोपर्यंत या दोन भीती एकमेकींत पार मिसळून गेल्या होत्या.

आता मुंबई. १९९० मध्ये पत्रकार अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं. भारतातल्या गे लोकांसाठीच्या पहिल्यावहिल्या मासिकांपैकी एक. गावोगावचे लोक त्याला पत्रं लिहायचे. १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ आली. तिचं केंद्र सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात, महापालिकेच्या इमारतीत उभं राहिलं. जरा विचार करा. ज्या माणसांना कायदा गुन्हेगार म्हणतो, त्यांना महापालिका बसायला जागा देते. कशामुळे? प्रेमामुळे नाही, एचआयव्हीमुळे. स्टेशनांवर, बागांत भेटणाऱ्या पुरुषांपर्यंत सरकारी डॉक्टर पोचू शकत नव्हते. त्यांच्यातलीच माणसं पोचू शकत होती. सरकारला त्यांची गरज पडली आणि त्या गरजेतून एक दार किलकिलं झालं. तिथे लोक तपासणीला यायचे आणि गप्पा मारायला थांबायचे. कित्येकांना ‘आपल्यासारखं आणखी कुणी आहे’ हे पहिल्यांदा अशाच जागी कळलं.

दिल्लीत ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ नावाचा गट होता. त्यांच्याकडे ना ऑफिस होतं, ना परदेशी पैसा. १९९१ मध्ये त्यांनी भारतातल्या समलिंगी लोकांच्या स्थितीवर ‘लेस दॅन गे’ हा अहवाल काढला. त्यातला एक महत्त्वाचा माणूस होता सिद्धार्थ गौतम, तरुण वकील. तो १९९२ मध्ये, तिशीही न गाठता, कॅन्सरने गेला. त्याच वर्षी ११ ऑगस्टला, कॅनॉट प्लेसच्या बागेतून पुरुषांना उचलून नेल्याबद्दल या गटाने पोलिस मुख्यालयासमोर निदर्शनं केली.

मग आलं १९९४ आणि तिहार जेल. कैद्यांमध्ये एचआयव्ही पसरू नये म्हणून कंडोम वाटावेत अशी सूचना आली. तेव्हाच्या तुरुंगप्रमुख किरण बेदी यांनी नकार दिला. कंडोम दिले तर जेलमध्ये समलिंगी संबंध होतात हे मान्य केल्यासारखं होईल, आणि ते तर ३७७ खाली गुन्हा! तेव्हा या आंदोलनाने दिल्ली हायकोर्टात याचिका टाकली की मुळात ३७७ च रद्द करा. ३७७ ला भारतातलं हे पहिलं आव्हान. सुरुवात झाली एका कंडोमवरून. ती याचिका वर्षानुवर्षं पडून राहिली आणि २००१ मध्ये निकाली निघाली, कारण चालवायला कुणी उरलं नव्हतं.

त्याच २००१ च्या जुलैमध्ये लखनौ पोलिसांनी एड्सबद्दल जागृती करणाऱ्या दोन संस्थांच्या कार्यकर्त्यांना अटक केली. कंडोम आणि माहितीपत्रकं पुरावा म्हणून जप्त झाली. ती माणसं सुमारे दीड महिना आत होती. बघा हं, आरोग्य खातं सांगतंय कंडोम वाटा आणि पोलिस खातं म्हणतंय कंडोम हाच पुरावा.

त्या वर्षाच्या शेवटी ‘नाझ फाउंडेशन’ या एचआयव्हीवर काम करणाऱ्या संस्थेने नवी याचिका दाखल केली. संस्था अंजली गोपालन यांची, वकील आनंद ग्रोव्हर, तेच गोव्याच्या केसवाले. मुद्दा साधा होता. कायद्याच्या भीतीने लोक लपून राहतात, म्हणून तपासणीला येत नाहीत, म्हणून रोग पसरतो. २००४ मध्ये हायकोर्ट म्हणालं, तुमचा यात काय संबंध? २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही, ऐकून घ्या. मग कोर्टात एक गंमत झाली. केंद्र सरकारचीच दोन शपथपत्रं समोर आली. गृह खातं म्हणतं ३७७ हवंच. सरकारचीच एड्स नियंत्रण संस्था, नॅको, म्हणते की या कायद्यामुळे आमचं काम अडतं. नॅकोने आकडाही दिला. पुरुषांशी संबंध ठेवणारे सुमारे २५ लाख पुरुष आणि त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास, जेव्हा सगळ्या लोकसंख्येत ते १ टक्क्यापेक्षा कमी होतं. जी माणसं ‘आपल्याकडे नसतातच’, त्यांची सरकारने चक्क मोजणी केली होती.

२ जुलै २००९ ला मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला. त्यांनी आरोग्याचा मुद्दा मान्य केला आणि त्याच्याही पुढे जाऊन समता आणि प्रतिष्ठेबद्दल बोलले. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, तेव्हा एक कारण असं दिलं की हे लोक फार थोडे आहेत. २५ लाख म्हणजे फार थोडे!

इथे थांबून किंमत बघू. एचआयव्हीच्या दाराने जे आत आले ते ‘हाय रिस्क ग्रुप’ म्हणून आले. फायलीत त्यांचं नाव ‘एमएसएम’, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. तीन अक्षरांत प्रेम नाही, घर नाही, म्हातारपण नाही, फक्त धोका. आणि लेस्बियन स्त्रिया? त्यांच्यात संसर्गाचा धोका कमी, म्हणून फाइलच नाही आणि निधीही नाही. १९९८ मध्ये ‘फायर’ सिनेमावरून मुंबईत थिएटर फोडली गेली, तेव्हा त्या बायकांना आपला आवाज कुठल्याही आरोग्य योजनेच्या आधाराशिवाय उभा करावा लागला.

म्हणून २०१८ च्या केसमधली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. यावेळी नर्तक नवतेज जोहर, पत्रकार सुनील मेहरा, शेफ रितू दालमिया अशी माणसं स्वतःच्या नावाने कोर्टात उभी राहिली. रोगाचं कारण न देता. १९९४ ला कंडोमच्या आडून सुरू झालेली गोष्ट चोवीस वर्षांनी ‘हे माझं आयुष्य आहे’ इथे पोचली. निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की या समाजाला आणि त्यांच्या कुटुंबांना इतिहासाने माफी मागणं लागतं.

मग संपलं का सगळं? आपल्या कॉलेजात, ऑफिसात रक्तदान शिबिर होतं ना? रक्तदात्यांसाठीचे २०१७ चे राष्ट्रीय नियम बघा. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, ट्रान्सजेंडर व्यक्ती आणि शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना त्यात कायमचं अपात्र ठरवलंय. २०२१ मध्ये या नियमाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं. बाजू समजून घेऊ. संसर्ग अगदी ताजा असेल तर काही दिवस तो टेस्टमध्ये दिसत नाही, त्यामुळे रक्तपेढीने प्रश्न विचारायलाच हवेत. पण प्रश्न काय विचारायचा? ‘गेल्या काही महिन्यांत तू काय केलंस’ की ‘तू कोण आहेस’? ब्रिटनने २०२१ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये पहिला प्रश्न निवडला, आणि तो प्रत्येकाला सारखाच विचारतात. आपल्या नियमात वर्षानुवर्षं एकाच जोडीदारासोबत राहणारा, टेस्ट निगेटिव्ह असलेला गे मुलगा कायमचा बाद होतो.

डॉमनिकची गोष्ट रक्तदानातून सुरू झाली होती. इतक्या वर्षांनी तो जुना शिक्का शोधायचा तर तिथेच सापडतो. १९८१ मध्ये बसलेलं आडनाव अजून पूर्ण पुसलेलं नाही.

पुढच्या वेळी शिबिरात तो फॉर्म हातात आला, की सही करण्याआधी एकदा नीट वाचा. शेजारच्या टेबलावरचा एखादा मित्र ‘आज नको, बरं वाटत नाही’ म्हणून उठून गेला, तर त्याला चिडवू नका.