मऊ ब्रेक पेडल

मऊ ब्रेक पेडल हा द्रवदाबावर चालणाऱ्या, म्हणजेच हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या मोटारीत उद्भवणारा दोष आहे. या दोषात पेडलवर पाय दिल्यावर नेहमीचा घट्ट प्रतिकार जाणवत नाही. पेडल स्पंजासारखे दबते किंवा तळापर्यंत खाली जाते. ब्रेक तेलात शिरलेली हवा, तेलाची गळती, झिजलेला मास्टर सिलिंडर आणि जुने, ओलावा शोषलेले तेल ही त्याची प्रमुख कारणे होत. कारागिरांच्या बोलीत पहिल्या प्रकाराला 'ब्रेकने हवा धरली' असे म्हणतात. हा दोष असलेले वाहन दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर चालवणे धोक्याचे असते.

== कार्यतत्त्व ==

चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक तेलावर दाब निर्माण करतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. नळ्यांमधून हा दाब चाकांपर्यंत पोहोचतो आणि डिस्क पॅड किंवा ब्रेक शू घट्ट बसून चाक थांबते.

द्रव जवळजवळ आकुंचन पावत नाही. हवा आणि वाफ मात्र सहज आकुंचन पावतात. नळीत हवेचा बुडबुडा असल्यास पायाची हालचाल त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्ची पडते. पेडल मऊ लागते ते यामुळेच.

== कारणे आणि लक्षणे ==

* '''तेलात हवा:''' पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबल्यास वर येते, पण लवचिकच लागते. दुरुस्तीच्या वेळी हवा पूर्ण न काढल्यास किंवा टाकीतील तेल फार कमी झाल्यास असे घडते.
* '''बाह्य गळती:''' टाकीतील पातळी घटते. चाकाच्या आतील बाजूस, रबरी होज पाइपवर किंवा जोडांपाशी ओल दिसते.
* '''मास्टर सिलिंडरची अंतर्गत गळती:''' पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली सरकते आणि बाहेर कोठेही तेल दिसत नाही. आतील रबरी वॉशर झिजल्याचे हे लक्षण आहे.
* '''ड्रम ब्रेकमधील जादा फट:''' पेडल खूप खाली जाते. भराभर दाबल्यावर मात्र वर येऊन कडक लागते.
* '''तेलाची वाफ होणे:''' लांब उतारानंतर किंवा सतत ब्रेक लावल्यावर पेडल मऊ होते आणि गाडी थंड झाल्यावर पूर्ववत होते.

भराभर दाबल्यावर पेडल वर येते, म्हणून दोष गेला असे समजणे ही सर्वांत घातक चूक होय. अचानक ब्रेक लावण्याच्या क्षणी दुसऱ्यांदा दाबण्यास वेळ मिळतोच असे नाही.

पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर तो वेगळा दोष आहे. त्यामागे तापलेले पॅड किंवा निकामी बूस्टर असू शकतो. तसेच बंद इंजिनात पेडल दाबून धरून इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली जाणे स्वाभाविक असते. बूस्टर काम करीत असल्याची ती खूण आहे.

== नांदेड-लातूर परिसरातील संदर्भ ==

गोदावरीकाठचे नांदेड आणि बालाघाटच्या पठारावरील लातूर ही शहरे राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने जोडलेली आहेत. उन्हाळ्यात या भागातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या संथ ट्रॉल्या असतात. त्यांच्यामागे वारंवार ब्रेक लावावा लागतो.

तथापि केवळ उन्हामुळे ब्रेक तेल उकळत नाही. ग्लायकॉल प्रकारचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घटतो. मानकानुसार डॉट ३ तेलाचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २०५, तर ओलावा शोषलेल्या स्थितीत १४० अंश सेल्सिअस असतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. त्यामुळे पावसाळ्यांमागून पावसाळे तेच तेल ठेवलेल्या गाडीचा दोष अनेकदा पुढच्या उन्हाळ्यात, भरल्या गाडीत उघड होतो.

== दुरुस्ती ==

प्रथम गळती शोधून सदोष भाग बदलला जातो, ड्रम ब्रेकमधील फट जुळवली जाते आणि नंतर हवा काढली जाते. गळती कायम ठेवून हवा काढल्यास दोष परत येतो.

# गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावतात. टाकीत उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे, सीलबंद डब्यातील तेल भरतात.
# चाकाजवळच्या निप्पलला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवतात.
# सहायक पेडल दाबून धरतो. निप्पल थोडा सैल करताच तेल आणि बुडबुडे बाहेर येतात.
# निप्पल घट्ट केल्यानंतरच सहायक पाय उचलतो. हा क्रम चुकल्यास हवा परत आत ओढली जाते.
# बुडबुडे थांबेपर्यंत ही कृती करतात. टाकी मध्येच रिकामी होऊ देत नाहीत.

सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात होते. भारतीय गाड्यांत सुकाणू उजवीकडे असल्याने ते चाक बहुधा मागचे डावे असते; परदेशी पुस्तकांत दिलेला क्रम येथे उलटा ठरू शकतो. काही गाड्यांचा क्रम वेगळा असल्याने उत्पादकाची पुस्तिका प्रमाण मानावी लागते. एबीएस असलेल्या काही गाड्यांत संगणकीय उपकरण लागते.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबल्यास मास्टर सिलिंडरचे वॉशर फाटण्याची भीती असते, म्हणून पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवतात. इंजिन ऑइल टाकीत पडल्यास रबरी भाग फुगून निकामी होतात. बाहेर काढलेले तेल पुन्हा वापरत नाहीत.

== सुरक्षितता आणि कायदा ==

चालत्या गाडीत पेडल खाली गेल्यास ते भराभर दाबणे, गिअर क्रमाने उतरवणे आणि हातब्रेक हळूहळू ओढणे हा उपाय आहे. आधुनिक मोटारींत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असल्याने एक निकामी झाला तरी दुसरा काम करतो. मात्र थांबण्याचे अंतर वाढते. दुरुस्तीनंतर प्रथम मोकळ्या मैदानात कमी वेगाने चाचणी घेतली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार, चालकाला माहीत असलेला किंवा सामान्य काळजी घेतल्यास कळू शकला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा गुन्हा आहे.

== हे सुद्धा पहा ==

* पास्कलचा नियम
* डिस्क ब्रेक
* ड्रम ब्रेक